नर्मदा परिक्रमा सायकलवर : सायकल ओंकारेश्वरपर्यंत न्यायची कशी?

परतीचा_वारा

नमस्कार मंडळी,

यंदा कार्तिकी एकादशी झाली की मी आणि धाकटा भाऊ, आम्ही दोघं सायकलवर नर्मदा परिक्रमेला निघतोय. संकल्प ओंकारेश्वरला, दक्षिण तटावर. पुढच्या वाटेबद्दल वाचून, विचारून बरीचशी तयारी झाली आहे. मैया (नर्मदा) उजव्या हाताला ठेवून समुद्राजवळचं विमलेश्वर, तिथून नावेने मुख ओलांडून पलीकडच्या तटावर मिठी तलाई, मग उत्तर तटाने अमरकंटक आणि परत ओंकारेश्वर. रस्त्याने सगळं मिळून अडीच-तीन हजार किलोमीटरच्या घरात जाईल.

अडलंय ते त्याच्या आधीच. आम्ही पुण्यात राहतो. माझी सायकल गिअरची हायब्रीड आहे, डिस्क ब्रेकवाली. भावाची साधी, बिनगिअरची, मागे कॅरियर असलेली. या दोन्ही धडधाकट अवस्थेत ओंकारेश्वरला पोचवायच्या कशा? रेल्वे, खासगी ट्रॅव्हल्स, ट्रान्सपोर्ट असे तिन्ही पर्याय लोक सांगतात आणि प्रत्येक जण उरलेल्या दोघांबद्दल घाबरवतो. पुण्याहून सायकल चालवतच जावं असंही एकाने सुचवलं. पण भावाला रजा मोजून मिळाली आहे, ते दिवस आम्हाला परिक्रमेतच घालवायचे आहेत.

ज्यांनी प्रत्यक्ष नेल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रेवातीर

नर्मदे हर! फार आनंद झाला वाचून.

आधी भूगोल सांगतो, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. ओंकारेश्वरला मुख्य मार्गावरचं रेल्वे स्टेशन नाही. जुन्या लेखांत 'ओंकारेश्वर रोड' स्टेशनावर उतरा असं लिहिलेलं असतं. ते म्हणजे मोरटक्का, खांडवा-महू मीटरगेजवरचं. ती मीटरगेज गेली, रुंदीकरणाचं काम सुरू झालं. तिच्या भरवशावर आखणी करू नका. तुमच्यासाठी खरी दारं दोनच, खांडवा आणि इंदूर.

खांडव्याहून ओंकारेश्वर साधारण सत्तर किलोमीटर. छेगाव माखन, देशगाव, सनावद, मोरटक्का, आणि मोरटक्क्याहून उजवीकडे वळलं की बारा किलोमीटर. हा सगळा रस्ता दक्षिण तटावरचा आहे, मैया ओलांडावी लागत नाही. इंदूरहूनही अंतर ऐंशीच्या आतच आहे, पण वाटेत भेरूघाटाचा उतार लागतो, ट्रकांची रांग असते, आणि बडवाह सोडलं की पुलावरून नर्मदा ओलांडून मोरटक्क्याला यावं लागतं. परिक्रमेत मैया ओलांडत नाहीत, पण संकल्पाच्या आधी ओलांडायला काही बाध नाही. तरी दक्षिण तटानेच जाऊन आधी मैयाचं दर्शन घ्यावं आणि मग संकल्प करावा, असं मला मनापासून वाटतं. नियम म्हणून नाही सांगत, भाव म्हणून सांगतोय.

चाकोरी

मी ट्रॅव्हल्सने नेली होती, पुणे ते इंदूर. डिकीत आडवी टाकतात. क्लीनरशी आधी बोलून पैसे ठरवले होते, तरी गाडी सुटायच्या वेळी डिकी कुणाच्या तरी मालाने भरलेली निघाली. माझी सायकल त्या गोण्यांवर ठेवली. मध्येच कुठेतरी आणखी गोण्या चढल्या त्या सायकलवर. इंदूरला उतरवली तेव्हा मागचा हँगर (डिरेलर जिथे अडकवतात ती फ्रेमवरची पट्टी) आत वळलेला होता, सगळ्यात मोठ्या गिअरवर टाकलं की डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) आऱ्यांना घासायचा. इंदूरसारखं शहर होतं म्हणून सरळ करून मिळाला. हेच आडगावात कळलं असतं तर?

ट्रॅव्हल्सचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण कुठल्याही गाडीत हे होऊ शकतं. डिकी हा मालाचा धंदा आहे, त्यात सायकलची कुणाला काळजी नसते. त्यातूनही जायचंच असेल तर खोक्यात भरून, मागचा डिरेलर काढून न्या.

परतीचा_वारा

@रेवातीर, दक्षिण तटाचा मुद्दा लक्षातच आला नव्हता, धन्यवाद. म्हणजे खांडवा नक्की. पुण्याहून झेलम एक्सप्रेस खांडव्याला थांबते हे पाहिलं. मग सायकल ब्रेकव्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात) टाकायची आणि खांडव्याला उतरवून घ्यायची, इतकं सरळ आहे का? आणि स्लीपरचं चाळीस किलो सामान फुकट असतं ना, त्यात सायकल बसते का?

पार्सलबाबू

नोकरीची बहुतेक वर्षं पार्सल ऑफिसात गेली, आता निवृत्त आहे. हा विषय दिसला आणि राहवलं नाही. थोडं लांबेल, वाचून घ्या.

पहिलं, स्लीपरला चाळीस किलो मोफत हे बरोबर. पण सायकल, स्कूटर अशा अवजड वस्तूंना ती सवलत नाही. सायकलचे पैसे वेगळे भरावेच लागतात. शिवाय डब्यात सोबत नेता येणाऱ्या पेटीचं माप ठरलेलं आहे, १०० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, २५ उंच. चाकं काढलेली मोठी सायकलसुद्धा यात बसत नाही. घडीची सायकल पिशवीत घालून बाकाखाली सरकवतात, ती गोष्ट वेगळी.

दुसरं, 'लगेज' आणि 'पार्सल' हे दोन निराळे प्रकार आहेत आणि लोक खिडकीवर येऊन चुकीचं मागतात. तुम्ही स्वतः त्याच गाडीने जाताय, हातात तिकीट आहे, तर ते लगेज. तिकीट दाखवायचं, फॉर्म भरायचा, वजन, पावती. सायकल तुमच्याच गाडीला लागते. तिकीट नसेल तर ते पार्सल, जागा मिळेल त्या गाडीने जाईल. पार्सलपेक्षा लगेजचा दर जास्त असतो. तुमच्या कामाला लगेजच हवं, पैसे वाचवायच्या नादात पार्सल करू नका. तुम्ही खांडव्यात आणि सायकल दौंडात, ही वेळ येते ती यातूनच.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, गाडी किती मिनिटं थांबते ते बघा. पाच मिनिटांपेक्षा कमी थांबा असेल तर त्या स्टेशनासाठी सामान सहसा बुकच करून घेत नाहीत. ब्रेकव्हॅनचं दार उघडायचं, नग शोधायचा, खाली घ्यायचा, हे दोन मिनिटांत होत नाही. त्यात नग आत ढकलला गेला असेल तर तो पुढच्या मोठ्या स्टेशनावर उतरतो. म्हणून तिकीट काढण्याआधी पार्सल ऑफिसात जाऊन एकच प्रश्न विचारा : 'या गाडीने खांडव्याचं लगेज घेता का?' हो म्हणाले तर प्रश्न मिटला. नाही म्हणाले तर भुसावळ. भुसावळ मोठं जंक्शन आहे, तिथे पार्सलचं काम अहोरात्र चालतं, आणि तिथून खांडवा जेमतेम सव्वाशे किलोमीटर. भुसावळला सोडवून घ्या.

झेलम पुण्यातूनच सुटते ही तुमची जमेची बाजू. सुरुवातीच्या स्टेशनावर ब्रेकव्हॅन रिकामी असते, माल भरायला वेळ असतो. मधल्या स्टेशनातून बुकिंग केलं की जागा उरली तर उरली. शिवाय काही गाड्यांच्या ब्रेकव्हॅनचा एक भाग ठेकेदाराला दिलेला असतो, तिथे तुमचं सामान जात नाही. दिवाळी ते कार्तिकी हे दिवस पार्सलला गर्दीचे, त्यामुळे गाडी सुटायच्या निदान तीन-चार तास आधी सायकल घेऊन हजर राहा.

सायकलला लेबल दोन ठिकाणी हवं. एक कागदी, टेपखाली. दुसरं जाड पुठ्ठ्यावर मार्करने लिहून सुतळीने फ्रेमला बांधलेलं. नाव, कुठून, कुठे, मोबाइल, पावती क्रमांक. एक लेबल फाटलं तर दुसरं बोलतं. भरलेल्या सायकलचा फोटो काढून ठेवा.

भरपाईबद्दलही सांगून ठेवतो. बुकिंगच्या वेळी किंमत जाहीर करून टक्केवारीचं जादा शुल्क भरलं नाही, तर नुकसान झाल्यास वजनाप्रमाणे मर्यादित रक्कम मिळते. महागडी सायकल असेल तर किंमत जाहीर करा.

उतरल्यावर लगेच सोडवून घ्या. ठरावीक मुदतीनंतर व्हार्फेज (सामान पडून राहिल्याचं शुल्क) लागतं.

अनवट

पार्सलबाबू काका, दंडवत! हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून चिकटवून ठेवायला हवा.

चाकोरी

+१. बुकिंगच्या खिडकीवर यातलं निम्मंसुद्धा कुणी सांगत नाही.

खानदेशी_केळी

भुसावळचं नाव निघालं म्हणून लिहिते. माझं माहेर रावेरचं. खांडव्याऐवजी भुसावळला सायकली उतरवून घ्या आणि तिथून सरळ चालवत निघा, हेच मी सांगेन, खांडव्याचं लगेज घेत असले तरीही.

सावदा, रावेर, बऱ्हाणपूर असा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, सकाळी त्यांच्यातून थंडगार हवा येते. भुसावळ ते बऱ्हाणपूर साठ-पासष्ट किलोमीटर, नवख्याचाही एक दिवस. दुसऱ्या दिवशी बऱ्हाणपूर ते खांडवा सत्तरच्या आसपास. वीसेक किलोमीटरवर असीरगड लागतो, तिथे थोडी चढण आहे, सातपुड्याची खिंडच ती. तिसऱ्या दिवशी ओंकारेश्वर.

दुसरी वाट मुक्ताईनगरवरून आहे. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ, मग मुक्ताईचं दर्शन, पुढे इच्छापूरला देवीचं ठाणं आणि मध्य प्रदेश सुरू. आमच्याकडची मंडळी मैयाकडे निघताना मुक्ताईला सांगून निघतात. दादा, तुम्हीही तसंच करा. एकच सांगणं, इच्छापूर-इंदूर महामार्गावर ट्रक फार. पहाटे उजाडल्यावर निघा, अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा.

परतीचा_वारा

ताई, मोह होतोय. पण तीन दिवस जास्तीचे... भावाच्या रजेचं गणित परत मांडावं लागेल.

रेवातीर

मी ताईंच्या बाजूने. नुसतं दर्शनासाठी नव्हे, सायकलसाठीसुद्धा. खोक्यातून काढून पुन्हा जोडलेली सायकल पहिल्या शंभर किलोमीटरमध्येच बोलायला लागते. हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग) सैल आहे, कॅरियरचा बोल्ट खोलतोय, सीट दोन बोटं वर हवी होती, उजवी पिशवी टाचेला लागते. हे सगळं भुसावळ-बऱ्हाणपूरच्या टप्प्यात कळलं तर बऱ्हाणपूर आणि खांडवा, दोन्ही ठिकाणी चांगली दुकानं आहेत. ओंकारेश्वरला संकल्प करून पुढे गेलात की ती सोय पातळ होत जाते. आणि सायकलीचा त्रास नसला की पहिल्या दिवसापासून मन मैयापाशी राहतं, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

तीन दिवस जमत नसतील तर निदान खांडवा-ओंकारेश्वर हा टप्पा तरी चालवाच. खांडव्याहून सायकल जीपच्या टपावर टाकून घाटापर्यंत नेऊ नका.

नटबोल्ट

सायकल दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे, आमच्याकडे दर हंगामात परिक्रमेच्या सायकली येतात. बांधणीबद्दल कुणी नीट लिहिलं नाही अजून, म्हणून लिहितो.

खोका विकत घेऊ नका. नव्या सायकली कंपनीतून पुठ्ठ्याच्या खोक्यात येतात, जवळच्या दुकानदाराला आधी सांगून ठेवलंत तर तो आनंदाने देईल. त्याच्याचकडून फोर्कच्या दोन टोकांमध्ये बसणारा प्लास्टिकचा ठोकळाही मागून घ्या. नव्या सायकलीबरोबर तो येतो आणि कचऱ्यात जातो. पुढचं चाक काढल्यावर फोर्कवर भार पडला तर तो आत दाबला जातो, त्यासाठी हा ठोकळा.

क्रम असा ठेवा. आधी सायकल धुऊन कोरडी करा. पायडल काढताना डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे विसरू नका, नाहीतर जोर लावून आटे खराब कराल. १५ चा पाना लागतो. मागचा डिरेलर हँगरवरून सोडवा, फडक्यात गुंडाळा आणि फ्रेमच्या आतल्या बाजूला मागच्या त्रिकोणात बांधा. चाकोरींचा हँगर वळला तो याच कारणाने, डिरेलर बाहेरच्या बाजूला लटकत राहतो आणि पहिला धक्का तोच खातो. डिस्क ब्रेक असल्याने एक गोष्ट आणखी : चाक काढल्यावर ब्रेक पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा खुपसून ठेवा. हायड्रॉलिक असेल आणि वाटेत कुणाच्या हाताने लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात, मग चाक आत जात नाही. रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) दोन्ही बाजूंनी पुठ्ठा.

फ्रेमला एसीच्या तांब्याच्या नळीवर घालतात तो काळा फोम लावा. मीटरवर मिळतो, कापून चढवला की घट्ट बसतो. टायरमधली हवा थोडी कमी करा, पूर्ण काढू नका, रिम जमिनीला टेकता कामा नये.

खोक्याच्या तळाला आतून पुठ्ठ्याचा दुसरा थर द्या. हमाल खोका उचलत नाहीत, ओढतात, आणि तळ तिथेच फाटतो. स्क्रू, पायडल, स्क्यूअर (चाक आवळायची दांडी) हे सगळं एका कापडी पिशवीत घालून ती फ्रेमलाच बांधा, खोक्यात सुटी टाकू नका.

भावाच्या साध्या सायकलला खोका नकोच. हँडल आडवं करा, पायडल आत वळवा, बारदान गुंडाळा, सुतळी. पार्सल ऑफिसाबाहेर बारदान शिवून देणारे बसलेले असतात. उभी सायकल हमाल चाकावर ढकलत नेतात, आपटत नाहीत. मला विचाराल तर परिक्रमेला भावाची सायकल तुमच्यापेक्षा जास्त सुखाची. तिचा प्रत्येक भाग गावोगाव मिळतो.

तुमच्या हायब्रीडसाठी एक जादा हँगर सोबत ठेवाच. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असतो, तो खांडव्यात मिळेलच असं नाही. व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा असेल तर अडॅप्टर घ्या, गावातल्या पंपाने हवा भरता येत नाही.

परतीचा_वारा

@नटबोल्ट, पॅडमधला पुठ्ठा ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. खूप आभार.

ट्रान्सपोर्टबद्दल मात्र कुणी बोललं नाही. एक ओळखीचे म्हणताहेत की आठवडाभर आधी पाठवून द्या, आपण मोकळ्या हाताने रेल्वेने जा.

माळरान

मी पाठवली आहे, सुखरूप पोचली. पण ओंकारेश्वरला नव्हे, इंदूरच्या गोदामात. गोदाम शहराबाहेर, आणि तिथून ओंकारेश्वर गाठायचं म्हणजे पुन्हा तोच घाट आणि पूल. रविवारी गोदाम बंद असतं हे लक्षात ठेवून तारखा ठरवा. पोचण्याची तारीख ते 'साधारण' म्हणूनच सांगतात, आणि एकादशी-पौर्णिमा काही साधारण येत नाहीत. माझ्याकडे चार दिवस हाताशी होते म्हणून काळजी वाटली नाही.

बिल्टीवर 'जुनी, वापरातील सायकल, विक्रीसाठी नाही' असं लिहून घ्या आणि खरेदीच्या बिलाची प्रत लावा. वापरलेल्या वैयक्तिक सामानाला ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन सरकारी कागद) लागत नाही, पण लिहिलेलं नसलं की विचारपूस होते.

अनवट

वेगळा विचार मांडू का? संकल्प ओंकारेश्वरलाच का? परिक्रमा मैयाच्या कुठल्याही घाटावरून उचलता येते, तिथेच पूर्ण करायची. अंकलेश्वर दक्षिण तटावर आहे, मुंबईहून थेट गाड्या आहेत, स्टेशनापासून रामकुंड तीर्थ सायकलवर हाकेच्या अंतरावर. विमलेश्वरची नाव मग पहिल्या एक-दोन दिवसांतच. सायकल नेण्याचा निम्मा त्रास वाचतो.

रेवातीर

शास्त्राने अगदी बरोबर, आणि गुजरातमधले बरेच जण तसंच करतात. पण पुण्या-मुंबईच्या नव्या परिक्रमावासीला मी तरी अंकलेश्वर सुचवणार नाही. पहिल्याच दोन दिवसांत समुद्र ओलांडायचा, तोही भरती-ओहोटीच्या वेळेवर, आणि सायकल नावेत चढवायची. मिठी तलाईच्या बाजूला पाणी ओसरलेलं असलं तर नाव काठापर्यंत येत नाही, चिखलातून सायकल खांद्यावर घेऊन जावं लागतं. सामानाच्या पिशव्या वेगळ्या, सायकल वेगळी, दोन फेऱ्या. त्यानंतर चेन गोड्या पाण्याने धुऊन तेल दिलं नाही तर दुसऱ्या दिवशी गंज दिसतो. अंगात परिक्रमेची लय मुरल्यावर हे सगळं आनंदाने होतं. ओंकारेश्वरहून निघालात तर विमलेश्वरला पोचेपर्यंत ती लय आलेली असते.

आणि ओंकारेश्वरहून उचलली की शेवटचं तीर्थही तिथेच. ओंकारेश्वराचं मंदिर नर्मदेतल्या बेटावर आहे, परिक्रमेत तिथे जाता येत नाही, मैया ओलांडली जाते म्हणून. पूर्ण झाल्यावर सोबतच्या बाटलीतलं जल ओंकारेश्वराला वाहायचं. दुसरीकडून उचललीत तर त्यासाठी सायकलसकट पुन्हा ओंकारेश्वर गाठायचंच आहे.

परतीचा_वारा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल भाऊ आणि मी दोघं बसलो. ठरलं असं : झेलमचं तिकीट भुसावळपर्यंत, दोन्ही सायकली लगेज म्हणून त्याच गाडीला. माझी खोक्यात, त्याची बारदानात. मुक्ताईनगरवरून इच्छापूर, बऱ्हाणपूर, असीरगड, खांडवा. तीन दिवसांसाठी भावाने साहेबांना विचारलं, ते स्वतः दत्तभक्त, गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीला दरवर्षी जाणारे. 'माझा नमस्कार सांगा' म्हणाले आणि रजा वाढवून दिली!

उद्या पार्सल ऑफिसात जाऊन चौकशी करतो, मगच तिकीट.

खानदेशी_केळी

वा! दादा, भुसावळला गाडी किती वाजता लागते ते कळवा. रात्रीची असेल तर स्टेशनावरच उजाडेपर्यंत थांबा, वेटिंग रूम आहे. सायकली सकाळी उजेडात जोडा, रस्त्याला लागण्याआधी ब्रेक दोनदा तपासा.

पार्सलबाबू

छान ठरवलंत. तिकिटावरचं नाव आणि लगेजच्या फॉर्मवरचं नाव एकच ठेवा. दोन सायकली दोघांच्या नावांवर वेगळ्या घेतल्यात तर दोघांनाही आपापली पावती हातात हवी. भुसावळला उतरल्या उतरल्या एकाने ब्रेकव्हॅनपाशी जाऊन उभं राहावं, दुसऱ्याने बाकी सामान बघावं. नग खाली येताना समोर मालक उभा असला की हमालही जपून उतरवतो.

माळरान

परत येतानाचं काय? खोका तर भुसावळलाच टाकावा लागेल.

नटबोल्ट

टाका बिनधास्त. परतीला खांडव्याच्या सायकल दुकानातून खोका घ्या, आदल्या दिवशी फोन करून सांगून ठेवा. फोर्कचा ठोकळा आणि पॅडचे पुठ्ठे तेवढे जपून पिशवीच्या तळाला ठेवा, त्यांचं वजन काहीच नाही. काळा फोमही नेलात तर उत्तम, रात्री सायकल भिंतीला टेकवताना फ्रेमखाली घालायला कामी येतो.